दाजींचं घर आणि चार डबे पेट्रोल

पाहुणा आला की आपण त्याला घरात घेतो. आमचे दाजी पाहुणे म्हणून यायचे ते स्वतःचं घर बरोबर घेऊन. घर म्हणजे बोलायची गोष्ट नव्हे. दार, खिडकी, फडताळ, देव्हारा, माठ, बाज आणि मागच्या दाराला ठोकलेला चांगला सागवानी उंबरठा, असं सगळं चार चाकांवर चढवून, भोंगा वाजवत, धूर सोडत आणि रस्ताभर शिव्या देत ते सोलापूरहून मोडनिंबला येत. माझ्या अडतीच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत मोटार उभी करत. आणि माझ्या घरात पाऊलसुद्धा टाकत नसत. पाणी त्यांच्या माठातलं, चहा त्यांच्या स्टोवरचा, झोप त्यांच्या बाजेवरची. दुसऱ्या दिवशी सकाळी हँडल मारून परत.

दरवर्षी. भाऊबिजेला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शुक्रवार पेठेत राहायचे. एकेकाळी सोलापूर ते मोहोळ त्यांच्या सर्व्हिस मोटारी चालत. मग त्या रस्त्यावर इतक्या मोटारी झाल्या की उतारू कमी आणि गाड्या जास्त. भाडं उतरत उतरत असं झालं की उतारूच्या हातावर गूळ ठेवून त्याला आत बसवायची पाळी आली. दाजींनी धंदा मोडला, गाड्या विकल्या. एक जुनी तेवढी ठेवली. पेठेतल्या सुताराला बोलावून तिची बाकं उपटली आणि आत बिऱ्हाड मांडलं. सबंध पेठ बघायला लोटली होती म्हणे. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, बैल कुटं जुपायचं ह्येला?" तर दाजी तिच्यावर खेकसले, "तुज्या घराला बैल हायती का? मग ह्येला कशाला?"

खेकसणं हा त्यांचा मूळ स्वर. त्यांना सकाळी 'बरं आहे ना' विचारलं तरी 'का, काय हुनार हाय मला?' असं उत्तर येई. पण त्या सगळ्या रागाचा राजा म्हणजे पेट्रोलचा राग. पेट्रोल महाग, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण दाजींचा समज असा होता की दर वाढतो तो जगात दुसऱ्या कुणासाठी नाही, खास त्यांच्यासाठी वाढतो. डबा विकत घेताना ते तो कानाशी धरून हलवायचे, झाकण उघडून वास घ्यायचे, आणि दुकानदाराकडे असं बघायचे की त्या गरिबाला आपण काहीतरी चोरलंय असं खरंच वाटू लागे. टाकीत डबा ओतून झाला की तो उलटा धरून तसेच उभे राहत. ऊन असो, मागं बैलगाड्या तटलेल्या असोत. शेवटचा थेंब तोटीच्या टोकाशी लोंबत राहिला की दाजी त्याच्याकडे डोळे वटारून बघत, आणि मला वाटतं, तो भिऊनच पडत असावा.

"पेट्रोल काय आबाळातनं गळतंय व्हय?" हे त्यांचं पालुपद. अक्कानं प्रवासाला घागर गळ्यापर्यंत भरली, की हे वाक्य. "पान्याला वजन हाय, वजनाला पेट्रोल हाय. निम्मी कर." जाडजूड वाकळ घेतली, की हे वाक्य. सीना नदीच्या उताराला तर ते इंजिनच बंद करत. गाडी आपल्या अंगानं पुलापर्यंत घरंगळत जाई आणि दाजी चाकामागं बसून एखाद्या संस्थानिकासारखे हसत. समोरून येणारा गाडीवान हातवारे करून ओरडला, की हेही ओरडत, "सर बाजूला! फुकटात चाललोय, थांबणार न्हाय!" मग चढ आला की पुन्हा उतरून हँडल मारायचं. खांदा दुखायचा. पण खांद्याला काय पैसे पडत होते?

ह्या गोष्टी मोडनिंबच्या बाजारात सगळ्यांना पाठ आहेत. परवासुद्धा दोन हमाल शेंगांच्या पोत्यांवर बसून उलट्या डब्याची नक्कल करत होते आणि हसून हसून लोळत होते. मला एकदम राग आला. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. ते बिचकले आणि एक जण म्हणाला, "शेठ, आमच्यावर का डाफरता? आमाला तुमीच सांगितलं की!"

खरं होतं. दाजींच्या विक्षिप्तपणाच्या सगळ्या गोष्टी मीच पसरवल्या. रंगवून पसरवल्या. कारण दाजी वेडे ठरले, की ते दरवर्षी माझ्या दारासमोर येऊन का उभे राहतात असं कुणी विचारणार नव्हतं. वेड्याला कारण लागत नाही. ते कारण आज सांगतो. बरीच वर्षं गिळून बसलो होतो.

अक्काच्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग आले. मग मनगटावर. मग ओठाच्या कडेला. कोड. त्यात ना दुखणं, ना खुपणं. हात तेच, त्या हातची भाकरी तीच. पण लोकांचे डोळे बदलले. धर्मशाळेतला रखवालदार 'भांडं वेगळं ठेवा' म्हणाला. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि तिनं लावलेलं कुंकू दारापर्यंत गेल्यावर पदरानं पुसायच्या. असल्या लोकांबद्दल मला फार चीड येत असे. मी ती बोलूनही दाखवत असे.

आणि मग माझ्या थोरल्या मुलीला बघायला जेऊरची मंडळी येणार असं ठरलं.

दिवाळीची तयारी होती, म्हणून अक्का माहेरी आलेली होती. ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, दोघी पोरींची लग्नं होईपर्यंत तू इकडं नको येऊस. मुलीच्या आत्याला कोड आहे म्हटलं की लोक पाठ फिरवतात."

हे बायकोनं माझ्याकडून बोलवून घेतलं, असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. खोटं. ती बिचारी चुलीपाशी होती. मीच बोललो.

अक्कानं मान वर केली नाही. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "बरं," म्हणाली. दुसरा खडा टाकून म्हणाली, "माझं येणं राहू दे. भाऊबिजेला भावानंच बहिणीकडं जायचं असतं. तू येशील न्हवं सोलापूरला?"

"येईन की," मी म्हणालो.

गेलो नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही वर्षी नाही. हंगाम आहे, शेंगांची आवक आहे, कुर्डुवाडीला गाडी बदलून जायचं म्हणजे दोन दिवस मोडतात, असा निरोप धाडला. खरं कारण एवढंच, की जेऊरकरांचे नातेवाईक सोलापुरात होते. मला अक्काच्या ताटावर जेवताना कुणी बघितलं असतं तर?

दाजी पेट्रोलच्या थेंबावरून अख्खी पेठ डोक्यावर घेणारे. ह्यावर ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी सुताराला बोलावलं.

त्यानंतरच्या भाऊबिजेला मोटार पहिल्यांदा माझ्या दारासमोर आली, तेव्हा बाजार हसून लोटपोट झाला. "शेठ, पाव्हनं आलं, पन वाड्यासकट!" मी हसल्यासारखं केलं. पण आतून जळत होतो. मला वाटलं, जावयाचा मान दुखावला म्हणून हा माणूस माझ्या दारात तमाशा मांडतोय. त्यातून त्यांची उभं राहायची तऱ्हा. मोकळी जागा केवढी तरी मोठी. मध्ये एक लिंबाचं झाड, बाकी सगळं मोकळं. कुठंही थांबा. पण नाही. दाजी मोटार पुढं घेत, मागं घेत, पुन्हा पुढं, पुन्हा तिरकी करून मागं. इंजिन कोकलतंय, धूर माझ्या दुकानात शिरतोय, गिऱ्हाइकं खोकतायत. सीनेच्या उताराला थेंब वाचवणारा हा माणूस इथं अर्धा डबा जाळायचा! आणि शेवटी मोटारीचं तोंड बरोबर माझ्या दुकानाकडं, पाठ मावळतीकडं. ते दोन मोठे दिवे माझ्या गादीवर रोखलेले. दाजीच डोळे वटारून बघतायत असं वाटे.

कुणी विचारलं तर दाजी खेकसत, "जमीन उताराची हाय. चाक सपाटीला नगं?"

जमीन तळहातासारखी सपाट होती.

त्या दिवशीपासून दाजी मला नावानं हाक मारीनात. आधी 'तू' असायचो, तो 'तुमी' झालो. 'अडतवाले' झालो.

थोरलीचं लग्न झालं, जेऊरलाच. धाकटी राहिली होती. त्या वर्षी मोटार आली तेव्हा मी डोकं फिरून रस्त्याच्या मधोमध गेलो. दाजी डबा उलटा धरून उभे होते.

"दाजी, जायला दोन डबे, यायला दोन डबे. किती जाळता हे? आगगाडीनं याच्या पाव पैशात होतं."

"होतं की," डब्यावरची नजर न काढता दाजी म्हणाले. "तिकीट स्वस्तच हाय. त्यावर टांगा. त्यावर हमाल. कुर्डुवाडीला ढेकनं. लहान गाडीत कोळशाची कुसळं डोळ्यात. आनि बाईमानूस बाकावर बसली की शेजारची पदर आवरून उटती, त्येचं भाडं कुटल्या तिकिटात धरलंय? सांगा की, अडतवाले. तुमी वजन करनारी मानसं. ते कुटल्या काट्यावर चढवायचं?"

"पण ह्यात फायदा काय? ह्या पैशात अक्काला चांगलं लुगडं आलं असतं."

तेव्हा त्यांनी डबा खाली टाकला. शेवटचा थेंब तसाच मातीत गेला. दाजींच्या हातून पेट्रोल सांडताना मी तेवढं एकदाच बघितलं.

"लुगडं? लुगडं नेसून कुटं जाऊ दे तिला? कुनाच्या दारात? तुमीच निरोप धाडला न्हवं, बहिनीचं घर लांब पडतंय, गाडी बदलावी लागती, हंगाम बुडतोय? मग! आनलं घर. हितं आनलं. आता भावाला फकस्त रस्ता वलांडायचा हाय. त्येला बी तिकीट लागतं व्हय?"

मोटारीच्या आतून अक्काचा आवाज आला. "अवं, राहू द्या. चहा निवतोय."

बाजार बघत होता. मी मागं फिरलो. त्या दिवशी मला कळलं की ही मोटार माहेरी येत नव्हती. बहिणीचं घर भावाच्या दारात येत होतं. कळलं, आणि तरीही मी रस्ता ओलांडला नाही. कारण धाकटी राहिली होती.

मग धाकटीचंही लग्न झालं.

आणि मी तरीही गेलो नाही. हे सांगताना मला माझाच सगळ्यात जास्त राग येतो. मुलींचं निमित्त होतं तोवर निदान बापाचं काळीज म्हणता येत होतं. निमित्त संपलं आणि खाली नुसता मी उरलो. इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं जायचं, असं म्हणत अजून एक भाऊबीज घालवली. मोटार आली, कोकलली, मागंपुढं झाली, दिवे रोखून उभी राहिली, गेली. मी गादीवर बसून गिऱ्हाइकांना उलट्या डब्याची गोष्ट सांगितली.

त्याच्या पुढच्या वर्षी काय झालं ते सांगतो. मावळतीच्या बाजूला माझं गोदाम आहे. त्या दिवशी शेंगांचा नवा माल उतरला होता. नमुना बघायला म्हणून मी गेलो तो दिवेलागणीपर्यंत तिकडंच रेंगाळलो. खरं तर मोटारीसमोर बसायचं नव्हतं. परत यायला निघालो तो रानातल्या पायवाटेनं. म्हणजे मोटारीच्या पाठीमागून. इतक्या वर्षांत मी तिची पाठ कधी बघितलीच नव्हती. मला तिचं तोंडच ठाऊक.

मागचं दार उघडं होतं. उंबरठ्याबाहेर छोटीशी रांगोळी, पेट्रोलच्या कापलेल्या डब्यात तुळस. आत जमिनीवर पाट मांडलेला. पितळी फुल्यांचा, जड, सागवानी. तो पाट मोटारीकडं वाहून नेताना दाजी मला एकदा, मी मालाच्या कामाला सोलापूरला गेलो असताना, भर रस्त्यात भेटले होते. घागर निम्मी करायला लावणारा माणूस हा एवढा पाट का वाहतो असं विचारलंही होतं, तर दाजी म्हणाले होते, "बसायला. दुसरं काय, नाचायला?"

पाटावर कुणी नव्हतं. पाटासमोर अक्का तबक घेऊन उभी होती. निरांजन पेटलेलं. ती पाटाकडं बघत नव्हती. दारातून वर, मावळतीकडं बघत होती. लिंबाच्या फांदीच्या अगदी कडेनं द्वितीयेची कोर दिसत होती, आता बुडेल मग बुडेल अशी. आणि अक्का त्या कोरीला ओवाळत होती.

ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते.

दाजी खाली उभे होते. दोन्ही हातांची ओंजळ वर करून निरांजनाला वारा लागू देत नव्हते. तोंडानं मात्र चालूच होतं, "आटप, आटप, बुडतोय त्यो. दरसाल ही फांदी आडवी येती. पाडायला पायजे ही एक दिवस."

तेव्हा मला ते सगळं मागंपुढं करणं कळलं. तो कोकलणारा, अर्धा डबा जाळणारा खेळ. मोटार माझ्याकडं तोंड करून उभी नव्हतीच. ती चंद्राकडं दार करून उभी होती. ते दिवे माझ्यावर रोखलेले नव्हते. मी त्यांच्या हिशेबातच नव्हतो. दाजी फक्त फांदी चुकवत होते.

मी उजेडात आलो. अक्काचा हात थांबला. दाजींनी वळून बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडावं असंही वाटलं.

त्यांनी माझ्या धुळीच्या पायांकडं बघितलं. मग खेकसलेच, पण आवाज जरा घसरला. "पाय पूस आधी. घर हाय हे."

मी उंबरठ्यावर पाय पुसले आणि आत चढलो. अक्का म्हणाली, "बस." जसा काही मी दरवर्षी येत होतो. पाटावरचं रोगण कुठंही झिजलेलं नव्हतं. तिनं कुंकू लावलं. ती पांढरी बोटं माझ्या कपाळावर टेकली, तेव्हा मी डोळे मिटले. ओवाळून झालं, आणि ओवाळणीसाठी मी खिशात हात घातला. रोख सगळी गल्ल्यात. खिशात फक्त शेंगांचा नमुना. मूठभर भुईमुगाच्या शेंगा. त्याच तबकात ठेवल्या.

अक्का हसली. किती वर्षांनी ते हसू पाहिलं. "मोठ्या हायत की ह्या वर्षी," म्हणाली.

खालून दाजी ओरडले, "चार डबं पेट्रोल! इतकी वरसं चार चार डबं! आनि ओवाळनी काय, तर शेंगा! आरं, पेट्रोल काय आबाळातनं..." आणि ते तिथंच अडकले. नंतर बघितलं तर मोटारीच्या पुढच्या बाजूला जाऊन ते बिनकामाचं रेडिएटरचं झाकण घट्ट करत होते.

मी तिथं जेवलो. सगळ्या बाजारानं बघितलं. आभाळ कोसळलं नाही. जेऊरकरांनी मुलगी परत धाडली नाही. इतकंच होतं ते. एवढ्यासाठी मी एका बाईला वर्षानुवर्षं चंद्राला ओवाळायला लावलं.

अक्काला मी नंतर विचारलं, "दाजी फांदी चुकवत होते, हे तुला ठाऊक होतं?"

"मला तर म्हनत्यात, जमीन उताराची हाय," ती म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली.

दाजींनी मला माफ केलेलं नाही. माझ्या घराची पायरी ते अजूनही चढत नाहीत. अक्का येते, बसते, ओसरीवर तांदूळ निवडते. दाजी मोटारीत एकटेच बसून पेट्रोलच्या दरावरून माझ्या हमालांशी भांडतात. मला ते योग्यच वाटतं.

मात्र त्याच्या पुढच्या भाऊबिजेची एक गोष्ट सांगायची राहिली. मोटार आली. मी दारातच उभा होतो. दाजींनी ती वळवली, आणि जिथं थांबली तिथंच इंजिन बंद केलं. पुढं नाही, मागं नाही. अगदी वेडीवाकडी, मागचं दार थेट लिंबाच्या बुंध्याकडं. तिथून आभाळाचा तुकडासुद्धा दिसत नव्हता.

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हणालो, "दाजी, जमीन उताराची हाय की. चाक सपाटीला नको?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. डबा उचलला, उलटा केला, आणि थेंब पडायची वाट बघत म्हणाले,

"असू दे. तेवडंच पेट्रोल वाचलं."